श्राव्यातीत ध्वनी आणि उंदराचा मेंदू

रायपूरच्या शंकर नगरात असो की नागपूरच्या धंतोलीत, सोनोग्राफी केंद्राच्या दाराशी एक पाटी हटकून दिसते. गर्भाचे लिंग येथे सांगितले जात नाही आणि तसे करणे हा गुन्हा आहे, असे ती पाटी बजावते. १९९४ च्या केंद्रीय कायद्यामुळे व त्याखालील नियमांमुळे ही पाटी गावोगावी पोहोचली. आणि तिच्यामुळेच ध्वनीच्या साहाय्याने शरीराच्या आत पाहता येते, ही गोष्ट आपल्याकडे लहानथोरांना ठाऊक झाली. परंतु ध्वनी केवळ पाहण्याच्याच कामी येतो काय? ज्या तरंगांनी आपण मेंदूचे चित्र काढू शकतो, त्याच तरंगांनी मेंदूला हलकेच स्पर्श करून त्याच्याकडून काम करवून घेता येईल काय? कवटी न उघडता, सुई न टोचता, बाहेरून पाठविलेल्या ध्वनीने मेंदूचा एखादा भाग जागा होईल काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे प्रयत्न गेली कित्येक वर्षे मुख्यतः उंदरांवर चालू आहेत. त्या प्रयत्नांची हकीकत मनोरंजक आहेच. पण त्याहूनही ती बोधप्रद आहे. कारण आपण जे पाहिले त्याचा आपण लावलेला अर्थ खरा की खोटा, हे शास्त्रज्ञ कसे पडताळून पाहतात, याचा तिच्यासारखा चांगला नमुना क्वचित् सापडेल.

कानापलीकडचा ध्वनी

ध्वनी म्हणजे कंपन. सतारीची तार छेडली असता ती वेगाने मागेपुढे हलते, तिच्या सभोवतीची हवा आळीपाळीने दाबली व विरळ केली जाते, आणि हा दाबाचा तरंग आपल्या कानापर्यंत येतो. सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपने एवढीच आपल्या कानाची मर्यादा आहे. त्यापलीकडच्या ध्वनीला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. अर्थात्, ही मर्यादा मनुष्याच्या कानाची होय. वटवाघळे या ध्वनीच्याच आधाराने अंधारात भक्ष्य शोधतात. उंदराच्या कानालाही सेकंदाला ८० हजार किंवा त्याहून अधिक कंपने ऐकू येतात, आणि घरट्याबाहेर पडलेले उंदराचे पिल्लू आपल्याला ऐकू न येणाऱ्या स्वरातच आईला हाक मारते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

असा ध्वनी निर्माण करण्याची किल्ली प्येर व झाक क्यूरी या बंधूंना १८८० मध्ये सापडली. क्वार्ट्झसारखे काही स्फटिक दाबले असता त्यांच्यावर विद्युत्‌भार उत्पन्न होतो, हे त्यांनी दाखविले. याच्या उलट, अशा स्फटिकाला वेगाने उलटसुलट होणारा विद्युत्‌दाब दिला की तो तितक्याच वेगाने कंप पावू लागतो. पहिल्या महायुद्धात पाण्याखालच्या पाणबुड्या शोधण्यासाठी पॉल लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने या गुणाचा उपयोग केला. त्या प्रयोगांच्या वेळी ध्वनीच्या झोतात सापडलेले लहान मासे मरतात, आणि पाण्यात हात घातला तर वेदना होतात, असे त्याच्या नजरेस आले. श्राव्यातीत ध्वनी सजीवांवर परिणाम करतो, ही जाणीव तेव्हापासूनची आहे.

आपल्या देशातही या ध्वनीचा अभ्यास लवकर सुरू झाला. बंगळूर येथे चंद्रशेखर वेंकट रामन आणि नागेंद्र नाथ यांनी १९३५ च्या सुमारास, द्रवातून श्राव्यातीत तरंग जात असताना त्यावर पडलेल्या प्रकाशाचे विवर्तन कसे होते, याची उपपत्ती मांडली. कानाला न कळणारा ध्वनी या मार्गाने डोळ्याला दिसू शकतो. ही उपपत्ती आजही त्या दोघांच्या नावाने शिकविली जाते.

एका बिंदूवर गोळा केलेला ध्वनी

बहिर्गोल भिंगाने सूर्यकिरण एकत्र आणून कागद जाळण्याचा खेळ बहुतेक शाळकरी मुलांनी केलेला असतो. ध्वनीही तसाच एकत्र आणता येतो. ध्वनी उत्पन्न करणारी तबकडी वाटीसारखी खोलगट केली, अथवा अनेक लहान तबकड्यांतून योग्य क्षणांच्या अंतराने तरंग सोडले, म्हणजे ते सर्व एका ठिकाणी एकाच वेळी येऊन मिळतात. वाटेतील भागांवर त्यांचा जोर थोडा असतो; मिलनाच्या जागी तो पुष्कळ वाढतो. यालाच केंद्रित ध्वनी म्हणतात.

जोर फार वाढविला तर त्या जागी उष्णता निर्माण होते आणि तेथील पेशी मरतात. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात विल्यम व फ्रान्सिस फ्राय या बंधूंनी १९५० नंतरच्या दशकात प्राण्यांच्या मेंदूच्या आतील ठरावीक जागा या पद्धतीने नष्ट करून दाखविल्या. त्याच तत्त्वावर आज माणसांवरही उपचार होतो. हात सतत थरथरण्याच्या एका विकारासाठी, डोक्यावर शिरस्त्राणासारखे यंत्र बसवून, सुमारे एक हजार तबकड्यांचा ध्वनी मेंदूतील एका लहानशा जागी एकवटतात आणि ती जागा जाळतात. अमेरिकन शासनाने या उपचाराला २०१६ मध्ये मान्यता दिली.

परंतु जाळणे निराळे आणि जागे करणे निराळे. जळलेली पेशी परत येत नाही. मेंदूचा एखादा भाग तात्पुरता उद्दीपित करावा, आणि ध्वनी थांबताच सारे पूर्ववत् व्हावे, हे ध्येय अधिक नाजूक आहे. त्याची पहिली चिन्हे फार जुनी आहेत. ई. न्यूटन हार्व्हे या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२९ मध्ये, बेडूक व कासव यांच्या हृदयाचे स्नायू श्राव्यातीत ध्वनीने उत्तेजित होतात असे नमूद केले होते. १९५८ मध्ये फ्राय बंधू आणि त्यांचे सहकारी यांनी मांजराच्या मेंदूतील दृष्टीच्या मार्गावर ध्वनी सोडून, डोळ्यांकडून येणारा संदेश काही काळ मंद केला. आणि थोड्या वेळाने तो पुन्हा पहिल्यासारखा झाला. एवढे होऊनही हा विषय पुढे कित्येक वर्षे मागे पडून राहिला.

उंदराचा पंजा हलला

या विषयाला नवे चलन मिळाले ते आपल्या शतकात. अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठात विल्यम टायलर आणि त्यांचे सहकारी यांनी २००८ मध्ये, उंदराच्या मेंदूचे पातळ काप पोषक द्रवात जिवंत ठेवून त्यांवर सौम्य ध्वनी सोडला. कापांतील मज्जापेशी उत्तेजित झाल्या. त्यानंतर २०१० मध्ये याच गटाने जिवंत उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले.

प्रयोगाची रीत समजण्यास सोपी आहे. उंदराला भूल दिली जाते. डोक्यावरचे केस काढून त्या जागी सोनोग्राफीच्या वेळी लावतात तसला लेप लावतात. कारण मध्ये हवा राहिली तर ध्वनी तेथूनच परत फिरतो. मग मेंदूच्या ज्या भागातून हालचालींचे हुकूम सुटतात, त्या चालकक्षेत्राच्या रोखाने ध्वनीचे तुटक तुटक स्पंद सोडले जातात. सोनोग्राफीत सेकंदाला २० लाखांपासून दीड कोटीपर्यंत कंपनांचा ध्वनी वापरतात. पण इतका जलद ध्वनी हाडात फार शोषला जातो. म्हणून या प्रयोगात अडीच ते पाच लाख कंपनांचा ध्वनी निवडला होता. स्पंद सोडताच भूल दिलेल्या उंदराचा पुढचा पंजा आखडला. कधी शेपटी हलली, कधी मिशा थरथरल्या. स्नायूंत उमटलेले विद्युत्‌संकेतही यंत्राने टिपले. मेंदूचे तपमान मात्र अंशाच्या शंभराव्या भागाइतकेही वाढले नव्हते. तेव्हा हा परिणाम उष्णतेचा नसून ध्वनीच्या यांत्रिक धक्क्याचा असावा, असे अनुमान निघाले.

उंदरावरच हे प्रयोग का, असे कोणी विचारील. उंदराचा मेंदू अर्ध्या ग्रॅमहूनही किंचित् हलका असतो, पण त्यात सुमारे सात कोटी मज्जापेशी असतात, आणि त्यांची मूलभूत रचना मनुष्याच्या मज्जापेशींसारखीच असते. त्याची कवटी पातळ असल्याने ध्वनी सहज आत शिरतो. शिवाय उंदराच्या जनुकांत हवा तसा बदल करून विशिष्ट गुणांची पिढी वाढविता येते. या शेवटच्या सोयीचे महत्त्व लवकरच कळून येईल.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील गटाने २०१३ मध्ये या प्रयोगाचा बारकाईने अभ्यास केला. ध्वनीचा जोर वाढविला म्हणून पंजाची हालचाल त्या मानाने मोठी होत नाही, असे त्यांना दिसले. हालचाल एक तर पुरती होते, नाही तर मुळीच होत नाही; जोर वाढविल्याने ती होण्याचा संभव तेवढा वाढतो. बंदुकीचा चाप हळू ओढला काय किंवा जोराने ओढला काय, गोळी सुटते ती एकाच वेगाने, तसाच हा प्रकार होय.

उंदराने ऐकले तर नाही?

येथवर सारे सुरळीत दिसत होते. परंतु २०१८ मध्ये दोन निबंध एकाच नियतकालिकात बरोबरच प्रसिद्ध झाले आणि त्यांनी या साऱ्या इमारतीच्या पायालाच हात घातला.

पहिला निबंध कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील मिखाईल शापिरो, डोरिस त्साओ आणि त्यांचे सहकारी यांचा होता. मज्जापेशी उत्तेजित झाली की अधिक उजळणारे एक प्रथिन ज्यांच्या मेंदूत आहे, असे उंदीर त्यांनी घेतले. अशा उंदराच्या मेंदूचा कोणता भाग केव्हा जागा झाला, हे वरून प्रकाशाच्या रूपाने दिसते. त्यांनी दृष्टिक्षेत्रावर ध्वनी केंद्रित केला. दृष्टिक्षेत्र उजळेल अशी अपेक्षा. पण आधी उजळले ते दोन्ही बाजूंचे श्रवणक्षेत्र, आणि तेथून ही जागृती इतरत्र पसरली. म्हणजे ध्वनीने मेंदूला हात लावला नव्हता. उंदराने तो ऐकला होता! औषधाने उंदरांचे कान निकामी केले, तेव्हा हा परिणाम पुष्कळ उतरला. साध्या श्राव्य आवाजानेही उंदराचे अंग तसेच हलते, असेही त्यांना आढळले. दुसरा निबंध मिनेसोटा विद्यापीठातील ह्यूबर्ट लिम यांच्या गटाचा. त्यांनी गिनीपिगच्या श्रवणाच्या नसा तोडल्या, किंवा आतल्या कानातील शंखाकृती नळीतला द्रव काढून टाकला. तेव्हा ध्वनीने मेंदूत होणारी जागृती नाहीशी झाली.

आता वाचक विचारतील, की उंदराच्या कानाची धाव फार तर ९०-१०० हजार कंपनांपर्यंत. मग पाच लाख कंपनांचा ध्वनी त्याने ऐकला कसा? याचे उत्तर आपल्या गल्लीतच आहे. सायकलच्या चाकाच्या आऱ्यांत पुठ्ठ्याचा तुकडा अडकविला की फरफर आवाज येतो. त्या आवाजाची पट्टी पुठ्ठ्यावर सेकंदाला किती टोले बसतात यावर ठरते. प्रयोगातला ध्वनीही अखंड नव्हता. सेकंदाला हजार-दीड हजार वेळा तो एकदम सुरू होई व एकदम थांबे. प्रत्येक वेळी कवटीच्या हाडाला बारीकसा टोला बसतो, तो हाडातून आतल्या कानापर्यंत जातो, आणि सेकंदाला दीड हजार टोले म्हणजे उंदराला काय, आपल्यालाही स्पष्ट ऐकू येणारा सूर होय.

या शंकेचे गांभीर्य ओळखले पाहिजे. ध्वनी ऐकून दचकलेल्या उंदराचा पंजा हलतो, यात नवल ते काय? जर सारा परिणाम एवढाच असेल, तर या पद्धतीने मेंदूचे विकार बरे करण्याची आशा म्हणजे मृगजळ ठरेल. यंत्रे चोख होती, नोंदी खऱ्या होत्या, पंजा खरोखरच हलला होता. प्रश्न होता तो केवळ कारणाचा.

बहिऱ्या उंदरांची साक्ष

अशा वेळी वाद शब्दांनी मिटत नाही. प्रश्न पुन्हा प्रयोगालाच विचारावा लागतो. स्टॅनफर्डच्या गटाने २०१९ मध्ये दोन युक्त्या योजल्या. एक, जनुकांतील बदलामुळे जन्मतःच बहिरे असलेले उंदीर घेतले. ते काहीच ऐकत नाहीत, म्हणून ऐकून दचकण्याचा प्रश्न उरत नाही. दुसरी, ध्वनीचे स्पंद एकदम सुरू न करता हळूहळू चढविले व हळूहळू उतरविले. टिपरीचा टोला आणि सनईचा दुरून चढत येणारा सूर यांत जो भेद, तोच येथे. असे केल्याने हाडाला टोला बसत नाही. आणि ऐकू येणाऱ्या उंदरांच्याही श्रवणमार्गात संकेत उमटत नाही, अशी त्यांनी खात्री करून घेतली.

निकाल असा लागला, की बहिऱ्या उंदरांचेही स्नायू ध्वनीने हलले, आणि मऊ केलेल्या स्पंदांनीही ते हलले. कान बंद असतानाही मेंदू जागा होतो, असे यावरून म्हणता येते. मात्र याने २०१८ चे निबंध खोटे ठरले असे नव्हे. ध्वनी कानावाटेही मेंदूत शिरतो आणि थेटही परिणाम करतो. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. त्या दोघींना वेगळे करणे हे प्रयोग करणाराचे काम आहे. म्हणूनच श्रवणाचा परिणाम वगळल्याची खातरजमा करणे हा या क्षेत्रातील प्रयोगांचा महत्त्वाचा भाग झाला आहे.

पेशीच्या दारावरचा ताण

थेट परिणाम होतो तो कसा, याचाही शोध चालू आहे. मज्जापेशीच्या पातळ पटलात प्रथिनांची सूक्ष्म दारे असतात. ती उघडली की विद्युत्‌भारित कण आतबाहेर जातात आणि पेशीत संकेत उमटतो. काही दारे विद्युत्‌दाबाने उघडतात, काही रासायनिक द्रव्यांनी, आणि काही पटलावर पडलेल्या ताणाने. ताणाने उघडणाऱ्या अशा दारांच्या शोधाबद्दल आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आपल्या स्पर्शाच्या संवेदनेचा उगम त्यांतच आहे.

कॅलिफोर्नियातील शापिरो यांच्या गटाने २०२२ मध्ये उंदराच्या मज्जापेशी काचपात्रात वाढवून, ध्वनीच्या वेळी नेमकी कोणती दारे उघडतात याची छाननी केली. ताणाने उघडणाऱ्या काही दारांतून प्रथम कॅल्शियम आत शिरते, आणि मग दुसरी दारे त्या लहानशा संकेताला मोठे करतात, असे त्यांना आढळले. ज्या संस्थेतून २०१८ ची शंका निघाली, तिथूनच या थेट परिणामाचे स्पष्टीकरणही पुढे आले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

कॅलिफोर्नियातीलच साल्क संस्थेत श्रीकांत चलसानी यांनी निराळी वाट धरली. ज्या पेशींना ध्वनी कळत नाही त्यांना तो कळेल असे दारच बसवून द्यावे, ही त्यांची कल्पना. २०१५ मध्ये त्यांच्या गटाने, ज्याच्या शरीरात अवघ्या ३०२ मज्जापेशी असतात अशा एक मिलिमीटर लांबीच्या कृमीवर हा प्रयोग केला, आणि ध्वनीच्या स्पंदाने त्या कृमीची दिशा बदलविली. २०२२ मध्ये मनुष्याच्या शरीरात आढळणाऱ्या अशाच एका प्रथिनाचे जनुक त्यांनी उंदराच्या चालकक्षेत्रातील पेशींत बसविले. ध्वनी सोडताच उंदराचे पाय हलले. ध्वनीचा झोत रुंद असला तरी ज्या पेशींना दार दिले आहे त्याच उत्तर देतात, हा या पद्धतीचा मोठा लाभ.

पुढच्या वर्षी, म्हणजे २०२३ मध्ये, सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हाँग चेन यांच्या गटाने उंदराच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या, शरीराचे तपमान सांभाळणाऱ्या भागावर ध्वनी सोडला. उंदरांचे तपमान सुमारे तीन अंशांनी उतरले, हृदयाचे ठोके मंदावले आणि ते शीतनिद्रेसारख्या अवस्थेत गेले. तपमान चढू लागले की पुन्हा ध्वनी सोडण्याची योजना करून ही अवस्था २४ तास टिकविता आली. ध्वनी थांबविल्यावर उंदीर पुन्हा पूर्वस्थितीत आले.

उंदीर आणि मनुष्य

या साऱ्यावरून मनुष्यासाठी काय निष्पन्न होते? आज मेंदूच्या खोल भागाला उद्दीपित करावयाचे झाले तर कवटीला छिद्र पाडून आत विद्युत्‌शलाका बसवावी लागते. कंपवाताच्या कित्येक रोग्यांना तिने आराम मिळतो. पण ती शस्त्रक्रिया आहे, आणि तिचे धोके व खर्च सर्वांना झेपणारे नाहीत. चुंबकीय क्षेत्राने बाहेरून उद्दीपन करता येते, पण ते मुख्यतः वरच्या थरांपुरते. खोलवर पोहोचणारा आणि तरीही बाहेरून देता येणारा उपाय म्हणून ध्वनीकडे आशेने पाहिले जाते. २०१४ मध्ये टायलर यांच्या गटाने निरोगी स्वयंसेवकांच्या मेंदूतील स्पर्शक्षेत्रावर सौम्य ध्वनी सोडून, त्यांची स्पर्शातील बारीक भेद ओळखण्याची शक्ती किंचित् वाढल्याचे दाखविले.

पण उंदरावरून मनुष्यावर थेट उडी घेता येत नाही. मऊ शरीरात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर जातो. तेव्हा पाच लाख कंपनांच्या ध्वनीची तरंगलांबी तीन मिलिमीटर भरते, आणि त्याहून फारशा लहान जागी तो एकवटता येत नाही. मनुष्याच्या मेंदूत तीन मिलिमीटर म्हणजे एक ठिपका. उंदराच्या मेंदूत तोच एक मोठा प्रदेश होतो. उलट, मनुष्याची कवटी कित्येक पटींनी जाड व ओबडधोबड असते. तिच्यातून जाताना ध्वनी शोषला जातो, वाकतो आणि विस्कटतो. किती जोर सुरक्षित, किती वेळ सुरक्षित, आणि वारंवार दिल्यास दीर्घकाळात काय होईल, ही उत्तरे सावकाशच मिळवावी लागतात.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. ज्या उंदरांचे पंजे हलले, ज्यांचे कान निकामी केले गेले, त्यांना या प्रश्नात काहीच स्वारस्य नव्हते. आपल्या देशात १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली नेमलेली समिती अशा प्रयोगांवर देखरेख ठेवते, आणि प्राण्याला अकारण वेदना होऊ नयेत असे बंधन घालते. प्राणी वापरूनही ज्या प्रयोगातून खात्रीचे ज्ञान निघत नाही, तो केवळ निरुपयोगीच नव्हे, तर अन्यायाचाही ठरतो. या दृष्टीने पाहता, ‘उंदराने ऐकले तर नाही?’ हा प्रश्न वेळीच विचारला गेला हे फार बरे झाले. तो विचारला गेला नसता, तर कानाच्या दाराने आलेल्या पाहुण्याला मेंदूचा चमत्कार समजून पुढची कित्येक वर्षे, कित्येक उंदीर आणि कित्येक रोग्यांची आशा खर्ची पडली असती.